हरताळाचा खडा सोडून

मी, केवळराम यादोराव ठवकर, वय साठीच्या घरात, धंदा धानाची शेती व चित्रकाम, राहणार सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, आज रविवार, तारीख ११ जानेवारी १९८१ रोजी माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच हाताने लिहून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. हात तेवढे ठिकाणावर नाहीत. बोटांना सारख्या मुंग्या येतात, आणि लेखणी धरली आहे की सुटली आहे हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. अक्षर वाकडे आले तर त्यावरून माझ्या बुद्धीचा अंदाज कोणी बांधू नये.

हा कागद मी कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. उलट या कागदाने मलाच एका पोरीवर दाब आणायचा आहे, आणि ते मी उघड लिहून ठेवतो. ती पोर म्हणजे माझी भाची सत्यवती. माझी बहीण गोदावरी वारल्यावर ती माझ्याच घरी वाढली, माझ्याच हाताखाली चित्र काढायला शिकली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती कारध्याला केशवरावांची सून म्हणून गेली. जाताना माझ्या पिवळ्या रंगाच्या खड्यातला अर्धा खडा फोडून घेऊन गेली. तो रंग विष आहे. तिच्या ओठांना लागण्याआधी तो परत आला पाहिजे. पुढे या कागदात घर येईल, शेत येईल, भांडीकुंडी येतील, पण हे सगळे त्या एका खड्यासाठी मांडले आहे असे वाचणाऱ्याने समजावे.

कलम पहिले. माझे सिहोऱ्यातील राहते घर, परसातील विहिरीसह, आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालची धानाची बांधी, तिच्या बांधावरच्या मोहाच्या झाडासह, माझ्यामागे सत्यवती हिला मिळावी. अट एकच. तिने स्वतः सिहोऱ्याला येऊन तो पिवळा खडा, तो ज्या शिंपल्यात घोटला असेल तो शिंपला, आणि त्याला लागलेला कुंचला माझ्यासमोर आणून ठेवावा. न आणल्यास घर व बांधी गावच्या नाटक मंडळाला जावी. त्या मंडळाचे महाल, जंगल, रस्ता असे सगळे पडदे मी रंगवले, आणि मंडईच्या जत्रेतल्या नाटकात पडदा उघडला की लोक टाळ्या वाजवीत. पण रंगवणाऱ्याचे नाव पुकारायचे मंडळाच्या अध्यक्षांना एकदाही सुचले नाही. अशा माणसांना माझे घर देण्याची पाळी येऊ नये, हेही सत्यवतीने ध्यानात घ्यावे.

हे कलम मी टिकाराम यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. टिकाराम हे माझे शेजारी व या कागदाचे पहिले साक्षीदार. साक्षीदार निवडताना लोक तोंडाचा घट्ट माणूस पाहतात. मी उलटे केले. टिकारामच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्यांची लेक भंडाऱ्याला दिली आहे. वाचून होताच त्यांना लेकीची आठवण झाली.

"केवळभाऊ, उद्याच्या मोटारीनं मी भंडाऱ्याले जाऊन येतो म्हणतो. पोरीले तिळगूळ द्यायचाच आहे."

"कारधा पुलापलीकडंच आहे," मी म्हटले.

"मालूम आहे ना मले," असे म्हणून ते धोतर आवरायला निघून गेलेसुद्धा.

कलम दुसरे. यात द्यायचे काही नाही, सांगायचे आहे. मृत्युपत्रात असे कलम बसते की नाही मला ठाऊक नाही, पण मरणारा मी आहे.

पडदे रंगवता रंगवता चाळिशी आली तेव्हा तुमसरच्या एका राइसमिलवाल्या शेटजींनी आपल्या देवघरात लहान लहान चित्रे काढून घेण्यासाठी राजस्थानातून गुलाबजी नावाचे चितारी आणले. त्यांचे रंग घोटायला माणूस हवा होता, म्हणून मी गेलो. मी बांबूला बांधलेल्या झाडूने झाडे रंगवणारा माणूस. गुलाबजींनी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मोर काढून दाखवला आणि त्याचे पीस न् पीस वेगळे होते. त्या दिवसापासून मी पडदा सोडला आणि अर्धे आयुष्य गेल्यावर पुन्हा शिकाऊ झालो.

गुलाबजी जाताना मला हरताळाचा एक मोठा खडा देऊन गेले. हरताळ म्हणजे पिवळ्यांचा राजा. फोडला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि प्रत्येक पापुद्रा सोन्यासारखा चमकतो. पीतांबर भरावा तो त्यानेच. आणि गुलाबजींनी कुंचल्याचे टोक करायला शिकवले ते ओठांवर. रंगात बुडवायचा, ओठांत धरून हलकेच फिरवायचा, की केसाएवढे टोक येते. त्यांच्या तळव्यांवर बारीक कठीण दाणे होते. मी समजलो, कामाचे घट्टे. आता माझ्या तळव्यांवर तेच दाणे आहेत. पाठीपोटावर, धुळीत पावसाचे थेंब पडावेत तसे ठिपके आले आहेत, आणि तळपायांची आग होते.

गावाने याला मोठा रोग ठरवले. नागपूरच्या डॉक्टरांनी नाही ठरवले. त्यांनी आधी खाणेपिणे विचारले, मग धंदा विचारला, मग एकेक रंग विचारला. पिवळ्याचे नाव घेतले तशी त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हा रंग तोंडात जातो का?" मी त्यांना रिकाम्या कुंचल्याने टोक करून दाखवले. ते म्हणाले, "हरताळात सोमल असतो, बाबा, जहाल विष. तुम्ही आजवर रोज थोडा थोडा सोमल खात आलात. हा महारोग नाही. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही. पण तो रंग कोणाच्या तोंडात जाऊ देऊ नका." माझा उरलेला अर्धा खडा मी दुसऱ्या खेपेस त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो. दुसरा अर्धा कुठे आहे ते त्यांनी विचारले, तेव्हा मला सत्यवतीचे नाव घ्यावे लागले.

गुलाबजींना मी दोष देत नाही. त्यांना ज्याने शिकवले त्याचेही तळवे तसेच असतील. परंतु सत्यवतीला ओठांवर टोक करायला मी शिकवले आहे, आणि ती माझ्याहून सुरेख टोक करते. मला झोप लागत नाही ती यामुळे.

कोणी म्हणेल, कारध्याला जाऊन सांगून का नाही आला? दिवाळीत गेलो होतो. केशवरावांनी माझी खुर्ची अंगणात टाकली, मला पाणी पळसाच्या द्रोणात दिले, आणि तो द्रोण माझ्यादेखत काडीने उचलून उकिरड्यावर टाकला. सत्यवती बाहेर आली नाही. तिच्या रागाचे कारण आहे. खडा फोडलेला दिसला तेव्हा मी तिला पोस्टकार्डावर चोर म्हटले होते. पोस्टकार्ड टपालवाल्यापासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचले. पुढे रंग विषारी असल्याचा निरोप दोघांतिघांबरोबर धाडला, तर तिचे उत्तर आले, "मामाले खडा वापस पाहिजे, म्हणून विषाची गोष्ट काढली."

आणखी एक वाट होती. त्या घराला मोठ्या रोगाची धास्ती आहे. मी एवढेच कळवले असते की हा खडा याच हातांनी हाताळलेला आहे, तर केशवरावांनी तो तासाभरात वैनगंगेत भिरकावला असता. पण मग त्याच हाताने घास भरवून वाढवलेल्या सुनेचे त्यांनी काय केले असते? ती वाट मी घेणार नाही. ती घ्यावीशी वाटली होती, एवढे मात्र लिहून ठेवतो.

कलम तिसरे. रंगांची पेटी, खल, शिंपले, रंगाला चकाकी आणायचा ओपणीचा गोटा आणि कुंचले. हे सगळे सत्यवतीला, विनाअट. तिच्यामागे जो शिकाऊ येईल त्याच्यासाठी पुढील गोष्टी लिहितो.

लहान चित्राला लहान कुंचला घेणे ही नवशिक्याची पहिली चूक. मीही केली. गुलाबजींनी कुंचल्यांची जुडी पुढे टाकली, "एक उचल" म्हणाले, आणि मी सर्वांत बारीक उचलला. ते पोट धरून हसले. बारीक कुंचल्यात रंग राहत नाही, अर्ध्या रेघेत तो वाळतो. कुंचला पोटाने भरलेला आणि टोकाने एक असावा. पाण्यात बुडवून झटकावा. टोकाला दोन फाटे पडले तर तो देणाऱ्याला परत करावा, मग तो कितीही नावाचा असो. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला सर्वांत चांगला. सत्यवती अगदी लहान असताना तिच्यापुढे मी तशीच जुडी टाकली, तेव्हा तिने पहिल्या झटक्यात पोटाचा कुंचला उचलला. मी विचारले, "हा काहून?" तर म्हणाली, "हा जाडा आहे, याले भूक कमी लागन." तेव्हापासून माझी खात्री आहे की ही पोर माझ्यापुढे जाणार.

रंग सुरुवातीला चारच घ्यावेत. गेरू, पिवळ्या मातीची पिवडी, खडी आणि काजळ. ही माती आहे आणि धूर आहे, तोंडात गेले तरी माणूस मरत नाही. या चारांत जो चेहरा काढू शकत नाही त्याला चाळीस रंग दिले तरी तो भिंतच रंगवेल. नीळ नंतर. डिंक धावड्याचा, रात्री भिजवून सकाळी गाळलेला. रंगात डिंक किती, ते अंगठ्याच्या नखावर थेंब वाळवून पाहावे. बोट फिरवल्यावर रंग निघाला तर डिंक कमी, तडकला तर जास्त. शिंपले आपल्या बोडीतलेच पुरतात, दुकानात जाऊ नये. आणि टोक करायचे ते ओल्या फडक्यावर. ओठांवर नाही, कधीच नाही, रंग मातीचा असला तरी नाही, कारण ओठांना सवय लागली की ते रंग विचारत नाहीत.

मंगळवार, तारीख १३. टिकाराम दुपारच्या मोटारीने परत आले. चपला काढण्याआधीच बोलू लागले.

"केवळभाऊ, बाई घर नाही म्हणते. म्हणते, ज्या घरात मले चोर म्हटलं, त्या घरचा उंबरठा मी कायले चढू? नाटकवाल्यायले देऊन टाका म्हणे."

"आन् खडा?"

"खडा तिच्याजवळ आहे. फडक्यात बांधून ठेवला आहे, मले दुरून दाखवला. आतापावेतो हातच नाही लावला म्हणते. सासू चित्र काढू देत नोती ना. आता बसून करायचं काम चालते म्हणून काढून राहिली." मग टिकारामनी आवाज खाली आणला. "तिले दिवस गेले आहेत, भाऊ. पाचवा चालू आहे. बाळंतिणीच्या खोलीत लावायले बाळकृष्ण काढून राहिली. रेघा झाल्या. संक्रांतीले पीतांबर भरायले घेईन म्हणते."

संक्रांत म्हणजे उद्या.

 मी टिकारामना विचारले की विषाचे सांगितले का. ते म्हणाले, "सांगतलं ना. तं म्हणते, विष होता तं मामा इतकी वर्षं कसा जगला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर माझ्या तळव्यांवर आहे, पण ते तिला दाखवायला मला त्या घराच्या आत कोणी घेत नाही.

घराने ती आली नाही. शेताने आली नाही. मी परसात तीन फेऱ्या मारल्या असतील, मग आठवले की ही पोर कशाने येते. ती शाळेत जायची तेव्हा तिने एकदा नाल्याच्या काठावरून गेरू खणून आणला होता. मी चिडवायला म्हटले, हा गेरू नाही, विटेचा चुरा आहे. ती जेवली नाही. गेरूचा गोळा घेऊन एकटी तुमसरला चालत निघाली, गुलाबजींना दाखवून पारख करून घ्यायला. अर्ध्या वाटेवर आम्ही तिला गाठली. तिला उपाशी ठेवा, चोर म्हणा, ती गप्प बसेल. तिला रंग ओळखता येत नाही असे म्हणा, ती पायी येईल.

म्हणून कलम चौथे, जे मी टिकारामना दोनदा वाचून दाखवले. कलम तिसरे रद्द. सत्यवती हिने नेलेला खडा हरताळ नसून नुसती पिवडी आहे. खरा हरताळ मी आधीच काढून ठेवला होता. इतकी वर्षे शिकूनही जिला पिवडी आणि हरताळ यांतला फरक कळला नाही, ती शिकाऊ म्हणवून घेण्याच्याही लायकीची नाही. सबब माझी पेटी व कुंचले तिला न देता, रंगाची पारख असलेल्या कोणा दुसऱ्या शिकाऊला द्यावेत.

हे कलम साफ खोटे आहे.  तिच्यानंतर कोणाला शिकवावे असे एकही माणूस मी पाहिलेले नाही.

टिकारामचा चेहरा उतरला होता. "भाऊ, हे मी कसं सांगू? पोटुशी बाई आहे. रडन ते."

"रडली तर सांगा, मामा हसत होता म्हणून."

"तुमी हसून नाही राहिले पण."

"टिकाराम, आजवर तुम्ही गावाला नसलेल्या गोष्टी सांगितल्या. एक माझ्यासाठी सांगा."

ते उद्याच्या पहिल्या मोटारीने जातो म्हणाले. संक्रांतीच्या दिवशी घरचे गोड सोडून जाणारा माणूस आहे, त्याचे नाव या कागदात पुन्हा येईल.

बुधवार, तारीख १४. संक्रांत. दुपारची मोटार आली, सत्यवती नाही. गल्लीतल्या बाया नवी लुगडी नेसून वाणाला निघाल्या, माझ्या दारावरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूने गेल्या. मी ओसरीवर बसून उरलेली वाटणी लिहीत आहे, कारण नुसते बसवत नाही.

कलम पाचवे. बैलजोडी बांधीबरोबरच जाईल, तिची ताटातूट करू नये. रेडिओ धनीराम गुरुजींना. ते या कागदाचे दुसरे साक्षीदार. त्यांनीच एकटे माझ्या रोगाबद्दल मला तोंडावर विचारले, आणि उत्तर ऐकून माझ्याच बाजेवर बसले. केशवरावांना पळसाच्या पानांची एक जुडी द्यावी, द्रोण करायला. हे कलम नंतर खोडावे असे कोणी सुचवील. खोडू नये.

संध्याकाळची मोटार आली. तिच्यातून गुळाची ढेप उतरली आणि फुलचूरचा एक पाहुणा उतरला. टिकारामही आले नाहीत. संक्रांत संपली. कारध्याला पीतांबर भरायला घेतला असेल. मी डोळे मिटले की तिचे ओठ दिसतात आणि त्यांत धरलेला कुंचला दिसतो. माझी खेळी चुकली असेल तर रागाच्या भरात, हा हरताळच आहे हे सिद्ध करायला, तिने आजच शिंपला भरला असेल. म्हणजे मीच तिला घाई केली. पुढे लिहवत नाही.

गुरुवार, तारीख १५. येथून पुढचा मजकूर मी सांगत आहे आणि धनीराम गुरुजी लिहीत आहेत. माझी बोटे आज मिटत नाहीत. का, ते पुढे येईल.

दुपारी मोटार थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचाच आवाज आला, अजून कोपऱ्यावर होती तेव्हापासून. "कुठी आहे मामा? कुठी आहे तो पारखी?" पुढे ती, मागे जवाई घनश्याम पिशवी घेऊन, त्यामागे धापा टाकत टिकाराम. ती ओसरीवर चढली नाही. अंगणातच तुळशीपाशी उभी राहिली. दोन वर्षांनी पाहिली. तोंडावर तेज आले होते आणि पोट दिसत होते.

"मामा, चोर म्हटलं, सोसलं मी. घर कायले देता, मले नको. पण ही पिवडी आहे म्हणता?" तिने फडके सोडले, खडा जमिनीवर ठेवला आणि अंगणातल्या वरवंट्याने फोडला. पापुद्रे सुटले. दुपारच्या उन्हात ते असे चमकले की टिकाराम मागे सरले. "पिवडी अशी चमकते काय? सांगा ना, साऱ्यायसमोर सांगा!"

मी म्हटले, "लावला काय तू कुठं? ओठाला लावला काय?"

"आधी सांगा, का आहे हा?"

"सत्ये, लावला काय?"

"नाही लावला! काल बसली होती भरायले, तं हे टिकारामभाऊ आले तुमचा निरोप घेऊन." तिचे डोळे भरले होते, पण रडू ती येऊ देत नव्हती. "मले वळखता येत नाही म्हणता? आता पाहा मंग."

मला वाटले, झाले, संपले, खडा आला. मी बाजेवरून उठतो न उठतो तोच तिने पिशवीतून शिंपला काढला. तो घरूनच घोटून आणलेला होता. त्यात बोटाने पाणी फिरवले, माझाच जुना पोटाचा कुंचला त्यात बुडवला, आणि पापुद्र्यासारखा पिवळा भरून घेऊन, रेघ ओढून दाखवायला, टोक करायला, तिने तो ओठांकडे नेला. मीच शिकवल्याप्रमाणे. मान किंचित डावीकडे, ओठ जरासे उघडे.

मी कसा पोहोचलो ते मला माहीत नाही. माझे पाय असे धावत नाहीत. मी हाताच्या फटक्याने कुंचला उडवला आणि दुसरा तळवा तिच्या तोंडावर दाबून धरला. हा तळवा, दाण्यांचा, ज्याच्यापासून गाव वाट सोडून चालते. जवायाच्या डोळ्यांसमोर, दारात जमलेल्या बायांच्या डोळ्यांसमोर, पोटुशी पोरीच्या उघड्या तोंडावर. कोणीतरी "अगं बाई" म्हणाले. कुंचला उडवताना हात तुळशीच्या ओट्यावर आदळला, त्याची बोटे सुजली आहेत.

तिने माझा हात झिडकारला नाही. तिने तो दोन्ही हातांनी धरून तोंडावरून खाली घेतला आणि उलटा करून पाहिला. हे दाणे आले ते ती सासरी गेल्यावर, आजवर तिने ते पाहिलेच नव्हते. एकेका दाण्यावरून तिने बोट फिरवले.

"हे याच्यानं झालं?" तिने शिंपल्याकडे पाहिले.

"याच्यानंच. गुलाबजीलेही होतं."

"मंग तुमी सिधं कायले नाही सांगतलं, मामा?"

"सांगतलं तीनदा. तू ऐकली नाही. मग खोटं सांगतलं."

ती तुळशीपाशीच खाली बसली आणि तेव्हा रडली.  घनश्याम "बाबाले सांगून पाहतो" एवढे म्हणून संध्याकाळच्या मोटारीने एकटेच परत गेले. माणूस वाईट नाही. पण जे दारातल्या बायांनी पाहिले ते त्यांच्याआधी कारध्याला पोहोचेल, आणि केशवराव डॉक्टरांचे ऐकतील की उकिरड्यावरच्या द्रोणाचे, हे आज कोणी सांगू शकत नाही. जी वाट मी घेणार नव्हतो, तीच शेवटी माझ्या हाताने घेतली. तिचा जीव वाचला आणि तिचे घर मी धोक्यात घातले, दोन्ही एका फटक्यात झाले.

म्हणून कलम सहावे, जे वरच्या सर्वांच्या वर समजावे. माझे घर, विहीर, बांधी, मोह, बैल, आणि पेटी, खल, शिंपले, कुंचले हे सर्व सत्यवतीचे. अट नाही. माझ्यामागे नव्हे, आजपासून तिने या घरात राहावे, कारध्याहून बोलावणे आले तर खुशाल जावे, नाही आले तर हा उंबरठा तिचा आहे आणि येथे तिला चोर म्हणणारा माणूस फार दिवस राहणार नाही. मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही असे गुरुजी म्हणत आहेत. त्यांनी लिहावे. कलम पहिले आणि चौथे रद्द, त्यांचे काम झाले. कलम तिसरे पुन्हा कायम, त्यातली ओल्या फडक्याची ओळ कोणी खोडू नये.

कलम सातवे. हरताळाचा तो अर्धा खडा, शिंपला आणि कुंचला गुरुजींनी डब्यात बंद करून नागपूरच्या डॉक्टरांना पोहोचवावा. बावनथडी नदीत टाकू नये, बोडीत टाकू नये, शेतात पुरू नये. हा एकच जिन्नस मी कोणालाच देत नाही. बाळकृष्णाचा पीतांबर सत्यवतीने पिवडीने भरावा. देव रागावणार नाही, रागावला तर माझे नाव सांगावे.

कलम आठवे. माझी सायकल टिकाराम यांना. त्याबदली त्यांनी मंडईत, नाटकाच्या मांडवात, पडदे रंगवणाऱ्यांच्या पालात, जेथे जातील तेथे सांगावे की हरताळ ओठांना लावू नये. हे काम करायला त्यांच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे. सहीला लेखणी धरवत नाही आणि गुरुजींच्या शाईची दौत आटली आहे. सत्यवतीने गेरू कालवला. वारसदाराने कागदाला हात लावू नये असे गुरुजी म्हणाले, म्हणून तिने कागदाला लावला नाही, फक्त माझ्या हाताला लावला. अंगठा कुठे टेकला हे मला कळले नाही. तिने सांगितले, "टेकला, मामा."

केवळराम यादोराव ठवकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गेरूत.

ठिकाण सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. तारीख १५ जानेवारी १९८१.

साक्षीदार व लेखनिक: धनीराम सोमाजी बांते, शिक्षक, सिहोरा. अंगठा माझ्यासमोर दिला. देणाऱ्याचा हात भाचीच्या हातात होता आणि अंगठा दिल्यावरही तिने तो सोडला नाही, हे मी पाहिले.

साक्षीदार: टिकाराम जागेश्वर भुरे, सिहोरा. कागदात जे लिहिले आहे ते मी कोणापासून लपवणार नाही.